दख्खनच्या पावसाचा माग

सोलापूर, विजापूर आणि नगरच्या दक्षिण भागातला शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो खरा, पण त्याचं वर्ष ठरतं ते उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्री चढतो, वर जाता जाता थंड होतो आणि जवळचं बहुतेक पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर टाकून मोकळा होतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरांच्या आतच माण तालुका लागतो आणि तिथे पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. घाट उतरताना तोच वारा तापतो आणि कोरडा होतो. डोक्यावरून ढग पळताना दिसतात, पण थेंब पडत नाही. सप्टेंबरात चित्र पालटतं. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे दक्षिणेकडे सरकतात आणि दुपारनंतर पूर्वेकडून गडगडाट करत पाऊस येतो. त्या ओलीवर शाळू पेरला जातो. कोकणचा पाऊस आणि सोलापूरचा पाऊस असे दोन निराळे पाऊस एकाच महाराष्ट्रात पडतात, हे मुंबईत बसून सहज लक्षात येत नाही.

१८७६ साली दख्खनमध्ये हा परतीचा पाऊस आलाच नाही. आधीचा पाऊसही तुटकच होता. शाळू पेरायचा तर जमिनीत ओल नाही, आणि खरीप तर करपून गेलेलाच. कलादगी, सोलापूर, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास बाजारातली ज्वारी दिसेनाशी झाली. पुढच्या वर्षी, १८७७ मध्ये, पाऊस नुसता दख्खनवर नाही, तर देशाच्या मोठ्या भागावर रुसला. त्या वर्षीची देशाची तूट सरासरीच्या सुमारे एक-तृतीयांश होती. हाती असलेल्या दीडशे वर्षांच्या नोंदींत इतकं कोरडं दुसरं साल नाही. ब्रिटिश मुलखातल्या मृत्यूंचा नेहमी दिला जाणारा अंदाज पंचावन्न लाखांचा आहे.

हे सगळे पावसाचे बळी, असं सरकारी कागद म्हणत होते. गावागावांतून दिसणारं चित्र वेगळं होतं. सावित्रीबाई फुल्यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात गाव सोडून चाललेली माणसं आहेत आणि मरणारी जनावरं आहेत, तशीच या आपत्तीत लोकांना नाडणारी सावकारीही आहे. व्हाइसरॉय लिटनने दुष्काळाच्या कामासाठी खास पाठवलेला सर रिचर्ड टेंपल याने तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं वाचवली होती आणि उधळ्या म्हणून बोलणी खाल्ली होती. आता त्याने भरपाई केली. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य आणि एक आणा, म्हणजे जेमतेम अर्धा शेर धान्य, एवढी मजुरी त्याने ठरवली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मजुरीवर कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज धाडले. धान्याची निर्यात मात्र बंदरांतून चालूच राहिली. तेव्हा पाऊस का पडला नाही हा एक प्रश्न, आणि माणसं का मेली हा दुसरा. सरकारला पहिल्याचं उत्तर शोधण्यात जास्त रस होता, आणि या लेखाची बहुतेक हकिकत त्याच शोधाची आहे. शोध खरा होता, शोधणारी माणसंही प्रामाणिक होती. पण निसर्गाकडे बोट दाखवता आलं तर बरं, ही सोय त्यामागे पहिल्यापासून होती, असं मला वाटतं.

त्याआधी या मुलखाच्या हवेचं कुणी मोजमाप केलंच नव्हतं, असं नाही. कर्नल विल्यम साइक्स हा कंपनीचा अधिकारी १८२४ नंतर दख्खनच्या गावांची सांख्यिकी गोळा करत फिरला. लोकसंख्या, पिकं, पक्षी, मासे यांच्या जोडीला तो बरोबर बॅरोमीटरही बाळगून होता. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चार-पाचला उतरलेला, हे त्याने तासातासाच्या नोंदींनी दाखवलं. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा तो निबंध छापला. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा झाली होती आणि १८४१ पासून तिथे हवेच्या आणि चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. केरो लक्ष्मण छत्रे त्या कामावर तिथे होते. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले आणि टिळक त्यांचे विद्यार्थी. तापमान, दाब, वारा, पाऊस अशा वह्यांमागून वह्या भरत गेल्या. त्या आकड्यांची एकमेकांशी गाठ मात्र कुणी घातली नव्हती. एका ठिकाणची हवा नोंदायला एक माणूस आणि चार उपकरणं पुरतात. ती हवा तशी का, हे सांगायचं तर शेकडो ठिकाणच्या नोंदी एकाच टेबलावर याव्या लागतात.

ते टेबल कलकत्त्यात मांडलं गेलं. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि पाठोपाठ १८६६ चा ओरिसातला दुष्काळ यांनी सरकार जागं झालं होतं. १८७५ मध्ये हिंदुस्थानचं हवामान खातं निघालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. खातं सुरू होऊन पुरतं दीड वर्षही झालं नसताना मोठा दुष्काळ समोर उभा राहिला आणि पाऊस आधी सांगता येईल का, अशी विचारणा सरकारकडून सुरू झाली.

त्या वेळी विलायतेत एक सोपं उत्तर फार लोकप्रिय होतं. सूर्यावरच्या डागांची संख्या अकरा वर्षांच्या अंतराने वाढते आणि घटते. विल्यम हंटर या सरकारी अधिकाऱ्याने मद्रासच्या पावसाचे आकडे त्या चक्राशी जुळवून पाहिले. १८७७ साली त्याने आणि नॉर्मन लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाने सूर्याचे डाग आणि दुष्काळ यांवर मिळून लेख लिहिला आणि त्याची पुष्कळ चर्चा झाली. सूर्यानेच दुष्काळ धाडला म्हटल्यावर अर्ध्या शेराच्या मजुरीचा विषय आपोआप मागे पडतो. पण हंटरने पाहिलेला पाऊस एका शहराचा होता आणि वर्षंही मोजकीच. ज्या मुलखात पन्नास कोसांवर पाऊस दहा पटीने बदलतो, तिथे एका गावच्या पर्जन्यमापकावरून सूर्याचा हिशोब मांडणं धाडसाचं होतं. पुढे आणखी आकडे आले आणि हे नातं विरत गेलं.

ब्लॅनफर्डने नजर सूर्याऐवजी हिमालयाकडे वळवली. हिवाळा संपताना आणि वसंतात पश्चिम हिमालयावर बर्फ जास्त पडलं, तर उन्हाळ्याची उष्णता ते वितळवण्यातच खर्ची पडते. उत्तरेकडची जमीन हवी तशी तापत नाही, वायव्येचे कोरडे वारे मैदानांवर टिकून राहतात आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाट मिळत नाही. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकाने मोसमी वारे वाहतात, हे एडमंड हॅलीने १६८६ मध्येच मांडलं होतं. ब्लॅनफर्डने त्या फरकात बर्फाचा हिशोब घातला. १८८४ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. बर्फ मोजायची साधनं काय, तर डोंगराळ जिल्ह्यांतले अधिकारी आणि प्रवासी यांची पत्रं: अमुक खिंड अजून बंद आहे, तमुक शिखर यंदा जास्त पांढरं दिसतं. अशा पत्रांवरून अख्ख्या देशाच्या खरिपाचं भाकीत करायचं! १८८२ पासून प्रायोगिक अंदाज दिले गेले, ते बरे उतरले आणि ४ जून १८८६ रोजी हंगामी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज निघाला. जगात एखाद्या सरकारने सबंध ऋतूच्या पावसाचा अंदाज नियमाने देण्याची ही सुरुवातच म्हणावी लागेल.

ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन एलियटने कारणांचं जाळं आणखी लांब फेकलं. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून येणारे वारे, मॉरिशसचा दाब, झांझिबार, ऑस्ट्रेलिया. अंदाज लांबत गेले, भाषा ठाशीव होत गेली. १८९९ साली एलियटने चांगल्या पावसाचं भाकीत केलं. प्रत्यक्षात पश्चिम हिंदुस्थानात जुलैपासून आभाळ कोरडं पडलं. गुजरात-राजस्थानात तो दुष्काळ विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून आजही लोकांच्या तोंडी आहे. वर्तमानपत्रांनी खात्यावर झोड उठवली आणि पुढची काही वर्षं अंदाज गोपनीय ठेवून फक्त सरकारी अधिकाऱ्यांना दिले गेले.

अशा बदनाम खात्यात १९०४ साली गिल्बर्ट वॉकर रुजू झाला. हवामानशास्त्राचा त्याला गंधही नव्हता. तो केंब्रिजचा गणिती, तिथल्या परीक्षेत पहिला आलेला. बूमरँग फेकण्याचा आणि त्याच्या उड्डाणाचं गणित मांडण्याचा नाद असल्याने त्याचं टोपणनावच ‘बूमरँग वॉकर’ पडलं होतं. बासरीचाही त्याला शौक होता. तो आला तेव्हा खातं शिमल्याला हलत होतं. जी माणसं कारण आधी ठरवतात आणि मग पुरावे गोळा करतात, त्यांचं १८९९ मध्ये काय झालं हे वॉकरने पाहिलं होतं. त्याने उलटा रस्ता धरला. हिंदुस्थानच्या पावसाशी जगातली कुठलीही नोंद जुळते का, ते आधी आकड्यांनी पाहायचं. का जुळते ते मागाहून.

शिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकून वर्षानुवर्षं बेरजा-गुणाकार करत बसले. यंत्र नाही, फक्त कागद, पेन्सिल आणि लॉगॅरिथमची कोष्टकं. होनोलुलूचा दाब, जावाचा पाऊस, चिली आणि अर्जेंटिनाचा दाब, नाइलचा पूर, झांझिबारचा पाऊस, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सहसंबंध काढायचा, या ऋतूचा पुढच्या ऋतूशी, मागच्याशी. पहिल्या महायुद्धात माणसं कमी झाली तरी हे काम थांबलं नाही. बहुतेकांची नावं निबंधांत येत नाहीत. जगाच्या हवामानातला एक मोठा शोध या कारकुनांच्या हिशोबावर उभा आहे, एवढं तरी म्हटलंच पाहिजे.

मधल्या काळात वॉकरने एक लोकसमजही तपासला. जंगलं तोडली म्हणून पाऊस कायमचा कमी झाला, असं तेव्हाही बोललं जाई. १९१० मध्ये त्याने उपलब्ध नोंदी चाळल्या आणि देशाच्या पावसात कायमची घट झाल्याचा पुरावा दिसत नाही, असा निर्वाळा दिला. पावसाचं प्रमाण पिढीपिढीने वरखाली होतं, हे त्याला दिसत होतं.

शोधाचे धागे त्याच्या आधीच इकडेतिकडे सापडू लागले होते. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा सरकारी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स टॉडने १८८८ च्या सुमारास लिहिलं होतं की हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलियातले दुष्काळ पुष्कळदा बरोबरच येतात. सूर्याच्या डागांवाल्या लॉकियरने आपल्या मुलाच्या साथीने मुंबईचा दाब आणि अर्जेंटिनातल्या कोर्दोबाचा दाब ताडून पाहिला; एक वर तर दुसरा खाली. डागांच्या नादात त्याला हाती लागलेली ही गोष्ट डागांपेक्षा मोलाची होती. वॉकरने १९२३-२४ च्या निबंधांत सगळं एकत्र आणलं. प्रशांत महासागरावर दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि कधी नेमकं उलट घडतं. लहान मुलांच्या फळीच्या झोक्यासारखं. याला त्याने ‘सदर्न ऑसिलेशन’ असं नाव दिलं. झोका एका बाजूला कलला की हिंदुस्थानात पाऊस चांगला, दुसऱ्या बाजूला कलला की ओढ. माणच्या कोरड्या शिवाराचं एक कारण आता होनोलुलूपलीकडे सापडत होतं.

वॉकर १९२४ मध्ये निवृत्त झाला. विलायतेतल्या पुष्कळांना त्याचं हे सगळं आकड्यांचं जुगाड वाटे, आणि आक्षेपात तथ्यही होतं, कारण झोका हलतो कशाने, हे वॉकरला सांगता येत नव्हतं. शिवाय ज्या कामासाठी तो आणला गेला, त्यात यश बेताचंच होतं. त्याने भाकितासाठी निवडलेले काही संबंध पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत निसटून गेले.

१९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांनी ‘शिमला ऑफिस’ करून टाकली आणि मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेल्यावरही चौकाचं नाव तेच राहिलं. या पुण्याच्या काळात खात्याचा प्रमुख होता चार्ल्स नॉर्मंड. त्याने वॉकरचे आकडे पुन्हा पाहिले आणि १९५३ च्या निबंधात एक चक्रावून टाकणारी गोष्ट मांडली. झोक्यावरून हिंदुस्थानचा पावसाळा आधी सांगणं कठीण आहे, उलट पावसाळा कसा गेला त्यावरून झोक्याची पुढची हालचाल जास्त चांगली सांगता येते. म्हणजे आपला मोसमी पाऊस नुसता दूरच्या समुद्रांच्या तालावर नाचणारा नाही. तोही जगाच्या हवेला धक्के देतो. पन्नास वर्षं ज्याला परिणाम समजून कारणं शोधली, तो स्वतःच कारणांच्या रांगेत येऊन बसला. मला या सगळ्या हकिकतीत हा क्षण सर्वांत रोचक वाटतो, कारण पाऊस सांगणं हेच ज्याच्या खात्याचं काम, त्या माणसानेच ते लिहिलं.

झोका कशाने हलतो याचा उलगडा जेकब ब्येर्कनेस या नॉर्वेत वाढलेल्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत बसून १९६९ मध्ये केला. पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं की नाताळच्या सुमारास कधी कधी समुद्र कोमट होतो. त्याला ते एल निनो, म्हणजे बाळ येशू, म्हणत. एरवी प्रशांत महासागरावर पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात, तिथे हवा वर चढते आणि पाऊस पडतो. पेरूकडे खालचं थंड पाणी वर येतं. पूर्वेचं पाणी तापलं की वारे मंदावतात, वारे मंदावले की पाणी आणखी तापतं, आणि हवा वर चढण्याची जागा पूर्वेकडे सरकते. मग इंडोनेशिया आणि भारताच्या अंगाला हवा खाली उतरू लागते, ढग वाढत नाहीत. समुद्राची ऊब आणि वॉकरचा झोका या एकाच घडामोडीच्या दोन बाजू निघाल्या. हवेच्या या फेऱ्याला ब्येर्कनेसने वॉकरचं नाव दिलं. १८७७ सालीही प्रशांत महासागरात फार मोठा एल निनो होता, हे मागाहून कळलं.

निबंध छापून तीन वर्षं होतात न होतात तोच १९७२ उजाडलं. त्या वर्षी पेरूच्या समुद्रातली अँकोव्हीची मासेमारी कोसळली आणि इकडे मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्वभाग पाण्याविना उभा राहिला. देशभराचा पाऊस सुमारे चौथ्या हिश्शाने कमी होता. महाराष्ट्राचं हे ओळीने तिसरं वाईट वर्ष. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याच्या भाकरीची चव त्या पिढीतली माणसं अजून नाक मुरडून सांगतात. कामावर सुकडी वाटली जाई. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. १८७६ च्या दुष्काळी कामांतून दौंड-मनमाड लोहमार्गासारख्या गोष्टी उभ्या राहिल्या होत्या, या वेळी गावोगावचे तलाव. मोठा फरक मात्र मरणाच्या आकड्यात पडला. पाऊस शंभर वर्षांपूर्वीसारखाच रुसला होता, तरी दुष्काळाने माणसं लाखांनी मेली नाहीत. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आकाराला आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. टेंपलला हे सुचलं नसतं असं नाही. त्याने बिहारमध्ये करून दाखवलंच होतं.

एल निनो हाती आल्यावर आता पाऊस उलगडला, असं काही वर्षं वाटलं. १९९७ ने तो भ्रम घालवला. शतकातल्या सर्वांत मोठ्या एल निनोंपैकी एक त्या वर्षी होता, वर्तमानपत्रांनी दुष्काळाची भीती घातली, आणि देशाचा पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच पडला. उलट २००२ मध्ये एल निनो मध्यम, कुठल्याच अंदाजात दुष्काळ नाही, आणि जुलैत देशभर निम्माच पाऊस झाला.

ही गाठ सोडवण्यात पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांचा वाटा मोठा आहे. त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करत. १९८० मध्ये त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दाखवलं की मोसमी पाऊस हा नुसता जमीन-समुद्राच्या तापमानातला खेळ नाही. विषुववृत्तावरचा ढगांचा पट्टा उन्हाळ्यात भारतावर चढून येतो आणि पुन्हा पुन्हा समुद्रावरून उत्तरेकडे सरकत राहतो. हॅलीच्या सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्राची जागा एका वेगळ्या चित्राने घेतली. पुढे १९९९ मध्ये हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व टोकांच्या उबेतला उलटसुलट खेळ ओळखला गेला, आणि २००४ मध्ये गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरावरच्या ढग-वाऱ्यांचा झोका वेगळा काढून मोजला. १९९७ मध्ये प्रशांतचा झोका वाईट होता, पण हा दुसरा झोका भारताच्या बाजूने होता, म्हणून पाऊस तरला. २००२ मध्ये दोन्ही उलटे गेले.

आता हंगामाचा अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो, संगणकावरच्या समुद्र-हवेच्या प्रारूपांतून. तो प्रामुख्याने देशाच्या सरासरीचा असतो. महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात आहेत, आणि पाऊस सह्याद्रीच्या या बाजूला पडणार की त्या बाजूला, हस्त साधणार की हुकणार, हे एप्रिलमध्ये सांगण्याची सोय अजून झालेली नाही.